टिटवीच्या बिल्जमधलं खारं पाणी

होडी : 'टिटवी'. ३७ फुटी, एका डोलकाठीची, फायबरची, १९९२ सालची. मुक्काम : ग्रेनडा आणि त्याच्या उत्तरेची ग्रेनाडाइन्स बेटं, कॅरिबियन. माणसं दोन. हे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममधून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, आणि मी बँकेत एकतीस वर्षं. त्यामुळे हत्यारांची पेटी त्यांच्या ताब्यात, वही माझ्या.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. प्रिक्ली बे, ग्रेनडा

माघी गणेश जयंती. पहाटेपासून खाडीत लाटा आडव्या येत होत्या, होडी डुलत होती, त्यामुळे मोदकांचा बेत रद्द करून शिरा. देवाला चालतो.

नंतर मिनीबसने सेंट जॉर्जेसच्या बाजारात. इथला डॉलर अमेरिकन डॉलरला २.७० या भावाने १९७६ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. बाजारात 'डशीन'च्या पानांची जुडी घेतली. डशीन म्हणजे आपला अळूच. इथे त्याचं नारळाच्या दुधात 'कॅललू' करतात. विकणारीने मला बजावलं, कच्चं राहिलं तर घसा खाजेल. म्हटलं, बाई गं, मी मालवणची. निरफणसही मिळाला, ब्रेडफ्रूट म्हणतात. तिखट-मीठ-रवा लावून काप केले की समोर मालवण उभं राहतं.

खोकी नेहमीप्रमाणे धक्क्यावरच सोडली. पुठ्ठा होडीवर आणायचा नाही हा आमच्याकडचा पहिला कायदा, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात आणि एकदा आली की वर्षभर भाडं न देता राहतात. अंडी न धुतलेलीच घेतली. फ्रीजबाहेर तीन आठवडे टिकतात, फक्त रोज उलटीपालटी करायची.

कामं : डिंगीच्या (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीच्या) इंजिनाचा प्लग बदलला. बिल्ज पंपाला गेल्या महिन्यात ह्यांनी काउंटर बसवलाय, तो वहीत उतरवायला सुरुवात करते. बिल्ज म्हणजे होडीच्या पोटातली सगळ्यात खोल जागा. कुठूनही आत आलेलं पाणी शेवटी तिथे जमतं, एका पातळीला आलं की तरंगता स्विच वर उचलला जातो आणि पंप ते बाहेर फेकतो. काउंटर फक्त एवढंच मोजतो की पंप किती वेळा चालू झाला. आजचा आकडा ११८.

४ फेब्रुवारी, मंगळवार. प्रिक्ली बे ते टिरेल बे, कारियाकू

पहाटे पाचला नांगर उचलला. काउंटर ११९. ग्रेनडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाला वारा नव्हताच, इंजिनावर गेलो. डोंगर संपला तसा पूर्वेचा वारा एकदम अंगावर आला, २० नॉट. पुढचं शीड अर्धं गुंडाळलं तरी होडी डाव्या कुशीवर झोपली ती टिरेल बेपर्यंत.

वाटेत 'किक-एम-जेनी'. ग्रेनडाच्या उत्तरेला साधारण आठ किलोमीटरवर पाण्याखाली असलेला जिवंत ज्वालामुखी, १९३९ साली त्याचा उद्रेक पहिल्यांदा नोंदला गेला. शांत असला तरी दीड किलोमीटरच्या आत जायचं नाही. बुडबुड्यांच्या पाण्यात होडी नीट तरंगत नाही म्हणतात. आम्ही लांबून गेलो. वर नुसतं निळं पाणी, काही म्हणजे काही दिसत नाही.

साडेतीनला पोचलो. नांगर रुतला, चहा ठेवला आणि काउंटर बघितला तर १५८! म्हणजे एका दिवसात एकोणचाळीस वेळा. नांगरावर असताना दोन-तीन दिवसांतून एकदा चालतो हा पंप, बर्फपेटीचं पाणी काढायला.

हे म्हणाले, "स्विच अडकला असेल."

स्विच अडकला असता तर एकदाच चालू होऊन चालूच राहिला असता. पण चहा संपेपर्यंत मी गप्प बसले.

५ फेब्रुवारी, बुधवार. टिरेल बे

लाद्या उचलून बिल्ज उघडलं. तळाशी चार बोटं पाणी. होडीवरचा पहिला तपास जिभेने करायचा असतो. गोड लागलं तर आपल्या टाकीचं किंवा पावसाचं, खारं लागलं तर समुद्राचं. गोड म्हणजे नुकसान, खारं म्हणजे धोका. बोट बुडवून चाखलं. खारं, आणि मागून डिझेलची चव.

संशयितांची यादी ह्यांनी केली. स्टर्न ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा जिथून तळातून बाहेर जातो तिथलं पॅकिंग. इंजिन थंड करणारा समुद्राच्या पाण्याचा पंप. संडासाची नळी. सुकाणूचा दांडा. पुढे नांगराच्या साखळीचं कपाट. बिल्ज पंप यादीत नव्हता. पाणी बाहेर टाकणारा एकटा तोच प्रामाणिक नोकर, त्याच्यावर कोण संशय घेणार?

ग्लँड हाताला ओला, पण मिनिटाला एक थेंब, तेवढा तो हवाच असतो. इंजिनचा पंप कोरडा. नळ्यांच्या प्रत्येक जोडाभोवती टिशू पेपर गुंडाळून ठेवला. संध्याकाळी सगळे कागद कोरडे.

उन्हं उतरल्यावर डिंगीने खारफुटीकडे चक्कर मारली. वादळात आसरा म्हणून होड्या या खाडीत आणून मुळांना बांधतात. गेल्या वर्षी १ जुलैला बेरील वादळ या बेटावर चौथ्या श्रेणीच्या ताकदीने आदळलं आणि दुसऱ्याच दिवशी पाचव्या श्रेणीला पोचलं. अटलांटिकच्या नोंदींत वर्षात इतक्या लवकर त्या श्रेणीला पोचलेलं दुसरं वादळ नाही. मोसम जूनला सुरू होतो, पण मोठी वादळं ऑगस्टनंतरची, या हिशेबावर पुष्कळजण निवांत होते. जत्रा उठल्यावर मंडपाचे बांबू वाकडेतिकडे उभे राहावेत तशा डोलकाठ्या अजून खारफुटीतून डोकावतायत. गावात कितीतरी छपरांवर निळी ताडपत्री. आम्ही तेव्हा ट्रिनिदादला चॅगुआरामसच्या यार्डात, जमिनीवर होतो. त्यात आमची हुशारी काही नाही. विमेवाल्याची अट होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार. टिरेल बे

आज साखळीच्या कपाटाची पाळी. होडी उत्तरेला जाताना नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेत बुडत होती, त्यामुळे साखळीच्या भोकातून पाणी आत येणार हे उघड आहे. ते कपाटातल्या निचऱ्याच्या भोकातून परत समुद्रात जायला हवं. कपाटाची भिंत कुठे फुटली असेल तर बिल्जमध्ये उतरेल. पाणी ओळखायचं कसं? ह्यांना रंग हवा होता. माझ्याकडे हळद होती.

अर्धं पाकीट हळद दोन बादल्यांत कालवून कपाटात ओतली आणि बिल्जजवळ टॉर्च घेऊन बसलो. पाऊण तास. पिवळा थेंब नाही. बाहेर मात्र निचऱ्याच्या भोकातून पिवळी धार लागली, आणि शेजारच्या होडीवरचा म्हातारा फ्रेंच हात डोळ्यांवर धरून बघत राहिला. पुढच्या डेकवर फायबरला डाग पडलेत, ह्यांच्या बनियनलाही. हळद आता सांगलीहून कोणी येईल तेव्हाच.

निष्कर्ष : साखळीचं कपाट निर्दोष.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रेनडाचा स्वातंत्र्यदिन, १९७४ चा. कचेऱ्या बंद, त्यामुळे निघायचे कागद सोमवारी. लाल-पिवळे-हिरवे कपडे घालून सगळं गाव रस्त्यावर. यांच्या झेंड्यावर जायफळ आहे, फुटलेल्या सालीतून लाल जायपत्री दिसणारं. २००४ च्या आयव्हन वादळाने ग्रेनडावरची बहुतेक जायफळाची झाडं पाडली, आणि झाड लावल्यावर फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. असलं कर्ज आमच्या शाखेत कोणी मंजूर केलं नसतं.

अळूवड्या केल्या. बेसन ट्रिनिदादहून आणलेलं, चिंच इथलीच. दोन वड्या फ्रेंच शेजाऱ्याला, पिवळ्या पाण्याचा खुलासा म्हणून.

१० फेब्रुवारी, सोमवार. टिरेल बे ते क्लिफ्टन, युनियन बेट

सकाळी कस्टम्स आणि इमिग्रेशनचे कागद. दहा मैलांवरचं पुढचं बेट दुसऱ्या देशात आहे, सेंट व्हिन्सेंटमध्ये. म्हणून इथून रीतसर निघायचं, तिथे पिवळा झेंडा चढवून रीतसर शिरायचं. खलाशांची यादी तीन प्रतींत. माझ्या हुद्द्याच्या जागी हे नेहमी 'क्रू' लिहितात. आज मी 'पर्सर' लिहिलं, म्हणजे जहाजावरचा हिशेबनीस.

शिडावर सव्वा तास. काउंटर निघताना १६०, पोचल्यावर १६९. नऊ वेळा. ह्यांनी ग्लँड अर्धा फेरा आवळला.

१२ फेब्रुवारी, बुधवार. टोबॅगो केज

क्लिफ्टनहून वाऱ्याच्या तोंडावर इंजिनाने आलो. पंप एकदाही चालला नाही. काउंटर निघताना १७०, पोचल्यावर १७०. लिहून ठेवते, अर्थ लागत नाही.

केज म्हणजे पाच इवलीशी निर्मनुष्य बेटं आणि पुढे घोड्याच्या नालासारखा प्रवाळाचा बांध. बांधाच्या पलीकडे थेट आफ्रिकेपर्यंत पाणीच पाणी. बेट आडोशाला नाही, वारा पूर्ण लागतो, पण लाट प्रवाळावर फुटून येते म्हणून नांगर टाकता येतो. चार मीटर पाण्यात तीस मीटर साखळी सोडली. हे चष्मा-स्नॉर्केल लावून जाऊन नांगर वाळूत पुरता गेलाय ते डोळ्यांनी बघून आले.

पौर्णिमा. रात्री बांध चंद्रप्रकाशात पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे तीनला सर आली. पाऊस-वारा एकदम, ३२ नॉट. समोरच्या भाड्याच्या कॅटॅमरनचा नांगर सुटला आणि ती आमच्या नाळेवरून हातभर अंतरावरून गेली. टॉर्च, आरडाओरडा, चार भाषा. आमचा नांगर तसूभर हलला नाही. झोप गेलीच होती, मग डेकवर ताडपत्री ताणून पावसाचं पाणी धरलं. चाळीस लिटर. पाणी गोडं करण्याचं यंत्र आहे आमच्याकडे, पण त्याला वीज लागते आणि दिवसभर ढग होते. हे पाणी कपड्यांना.

सकाळी बाराडल बेटाजवळ पोहायला. हिरवी कासवं तिथल्या समुद्री गवतावर चरतात. एक माझ्यापासून दोन हातांवर होतं. गवत तोडताना मान गाईसारखी झटकत होतं. मग सावकाश वर आलं, नाक बाहेर काढून एक श्वास घेतला (आवाज येतो, प्रेशर कुकरची वाफ पहिल्यांदा सुटते तसा) आणि परत खाली चरायला.

१५ फेब्रुवारी, शनिवार. टोबॅगो केज ते बेक्वे

आजचा दिवस वाईट. निघताना काउंटर १७१.

वारा पूर्व-ईशान्य, २२ ते २५. कनुआँ बेटाच्या पुढे आडोसा संपला आणि लाटा दोन-अडीच मीटरच्या. होडी डावीकडे इतकी कललेली की त्या बाजूचा कठडा पाण्यातून ओढला जात होता. अशा दिवशी स्वयंपाक करायचा नसतो. पहाटेच मूगखिचडी करून थर्मासमध्ये भरली होती, ती वाडग्यात घेऊन गुडघ्यांत धरून खाल्ली.

बिल्जच्या दिव्याकडे लक्ष ठेवलं होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी लागला. मग नऊ सतराला, चोवीसला, एकतीसला. दर सात मिनिटांनी, मनगटी घड्याळ लावून घ्यावं असा. हे सहा तासांतले चार तास डोकं खाली घालून कुठल्या ना कुठल्या कपाटात होते. इंजिनाच्या मागे, संडासाच्या खाली, सुकाणूच्या खोपच्यात. आयुष्यात कधी जहाज न लागलेल्या माणसाला आज लागलं. आलेपाकाची वडी दिली. सुकाणूवर मी.

मध्येच पाठीमागे टाकलेला गळ घुमला. हातभर लांब बाराकुडा. इकडे प्रवाळावरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं, शिजवूनही जात नाही. दोरी कापून सोडून दिला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी जिवाला लागलं असतं.

बेक्वेच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये नांगर टाकला तेव्हा काउंटर २२१. पन्नास वेळा. एका खेपेला पंप साधारण पाच लिटर काढतो, म्हणजे अडीचशे लिटर, सव्वा पिंप. ह्यांना आकडा सांगितला नाही. ते डेकवर आडवे होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार. बेक्वे

ह्यांनी ठरवलं, ग्लँडच. दुकानातून नवं पॅकिंग आणलं. होडी पाण्यात असताना पॅकिंग बदलायचं म्हणजे नट सोडला की समुद्र आत यायला सुरुवात होते. जुनं दोर हुकाने उकरून काढायचं आणि नव्याची तीन कडी एकामागून एक, जोड एकमेकांसमोर येणार नाहीत अशी ठोकायची. मी भांड्याने पाणी उपसत होते. तीन तास. ह्यांचे हात कोपरापर्यंत ग्रीसचे.

संध्याकाळी किनाऱ्यावर. झाडाखाली बसून नारळाच्या सोडणाच्या आणि लाकडाच्या छोट्या होड्या करणारे कारागीर, रंगासकट हुबेहूब. या बेटावर अजून व्हेलची शिकार होते, सेंट व्हिन्सेंटला वर्षाला चार कुबड्या देवमाशांची मुभा आहे, आणि होड्या शिडा-वल्ह्यांच्याच. मला पटत नाही. पण त्या होड्यांची बांधणी बघत मी बराच वेळ उभी होते, हेही खरं.

काउंटर २२३. दोन खेपा आजच्या कामातल्या पाण्याच्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार. बेक्वे ते टिरेल बे

परत दक्षिणेला. कागद कालच केले. सात तास, पस्तीस मैल, वारा तोच. उत्तम पळाली टिटवी. वाटेत छोटा टूना, त्याचं दुपारीच त्रिफळं घालून तिखलं. निघताना काउंटर २२३. पोचल्यावर २२३.

दोनदा बघितला. मग स्विच हाताने उचलून बघितला. पंप घर्रकन चालला, काउंटर २२४. म्हणजे बिघडलेला नाही.

हे प्रचंड खूश. "बघितलंस? ग्लँडच होता. पहिल्या दिवशीच म्हटलं होतं मी."

पहिल्या दिवशी 'स्विच' म्हटलं होतं. वहीत आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. टिरेल बे

रात्री झोप नीट लागली नाही. बँकेतली खोड. एका दिवशी ताळेबंद जुळला म्हणून खातं बंद करायचं नसतं, आधी का जुळत नव्हता ते सापडायला हवं.

ग्लँड गळत असता तर १२ तारखेला, दांडा दीड तास फिरत असताना, सगळ्यात जास्त गळला असता. त्या दिवशी शून्य. मग मी सगळ्या खेपा एकाखाली एक लिहिल्या. ४ तारीख, उत्तरेला, ३९. १० तारीख, उत्तरेला, ९. १२ तारीख, इंजिनावर, होडी सरळ, शून्य. १५ तारीख, उत्तरेला, ५०. काल, दक्षिणेला, शून्य.

इथला वारा या महिन्यांत पूर्वेचाच. बेटांची माळ उत्तर-दक्षिण. म्हणजे वर जाताना वारा उजवीकडून, होडी डावीकडे कलते. खाली येताना वारा डावीकडून, होडी उजवीकडे. पाणी होडी डावीकडे कलली की येतं, आणि सरळ झाली की थांबतं. मग डाव्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, असं काय आहे?

डिंगीत बसून डाव्या बाजूने होडीभोवती फिरले. सिंकचा निचरा. मोरीचा निचरा. आणि मागच्या बाजूला, रेषेच्या वीतभर वर, बिल्ज पंपाचं भोक.

वर येऊन वहीची मागची पानं चाळली. १८ नोव्हेंबर, चॅगुआरामस. अक्षर ह्यांचं : 'बिल्ज पंपाची नळी बदलली. वरचं अनावश्यक वळण व झडप काढून नळी सरळ घेतली. प्रवाह सुधारला.'

ड्रममधून रॉकेल काढताना रबरी नळी तोंडाने एकदा ओढली की पुढचं रॉकेल आपसूक येतं. तसंच. पंप पाणी बाहेर टाकतो, नळी भरलेली राहते. होडी डावीकडे कललेली असल्याने बाहेरचं भोक समुद्रात बुडालेलं. पंप थांबला की तीच भरलेली नळी समुद्राचं पाणी उलटं आत ओढते. सात मिनिटांत स्विच उचलला जातो, पंप चालतो, पुन्हा तेच. माझं अडीचशे लिटर म्हणजे या खात्यातून त्या खात्यात फिरवलेली एकच रक्कम. उलाढाल केवढी, शिल्लक तेवढीच.

नळीचं जुनं वळण डेकच्या खाली उंच नेलेलं होतं आणि त्याच्या डोक्यावर हवेची छोटी झडप होती. पंप थांबला की झडप हवा आत सोडते आणि धार तुटते. ती झडप मिठाने चोंदून पाणी थुंकायची, म्हणून ह्यांनी काढली. डिसेंबरात ट्रिनिदादहून ग्रेनडाला आलो त्या रात्री वारा पडलेला, वाट बहुतेक इंजिनावरच झाली, काउंटरही तेव्हा नव्हता. म्हणून कळलं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांच्यासमोर वही उघडून ठेवली, दोन्ही पानं.

बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "सिद्ध करावं लागेल."

"अहो, मग उद्या परत उत्तरेकडे तोंड करू. तासाभराचं काम."

२२ फेब्रुवारी, शनिवार

खाडीबाहेर गेलो. वारा १८. अर्धा तास डाव्या कलावर : २२४ वरून २२८. चार. मग होडी फिरवून अर्धा तास उजव्या कलावर : २२८. मग परत डाव्या कलावर, पण या वेळी हे कठड्यावरून पोटावर लोंबकळले, मी त्यांचा सेफ्टी बेल्ट दोन्ही हातांनी धरलेला, आणि भोकात लाकडी बूच ठोकलं. (असली निमुळती बुचं प्रत्येक होडीवर असतात, तळाला भोक पडलं तर ठोकायला.) पंपाचा खटका बंद, हातपंप तयार. अर्ध्या तासाने लाद्या उचलल्या. होतं तेवढंच पाणी.

परतताना कोणी काही बोललं नाही. नांगर टाकल्यावर हे म्हणाले, "नोव्हेंबरात तू वाचलं होतंस ना ते पान?"

वाचलं होतं. सहीपण केली होती. तो मुद्दा त्यांचा बरोबर आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कारियाकूत नळी मिळाली, तीन मीटर. झडप नाही मिळाली. ग्रेनडाला फोन केला तर मागवावी लागेल म्हणाले, दोन आठवडे. मग हे आत गेले आणि श्रुजबेरी बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. ह्यांनी आयुष्यात काही फेकून दिलेलं नाही. डब्यात वायसर, अर्धे स्क्रू, एक घड्याळ, आणि तळाशी तीच झडप, मिठाने पांढरी झालेली. वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलीय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. रताळी इथे हवी तेवढी मिळतात, त्यामुळे उपास सुखाचा. रताळ्याचा कीस, दाण्याचं कूट पुण्याहून आलेलं शेवटचं.

झडप स्वच्छ झाली. तोंडाने फुंकलं तर एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने नाही. नळी नव्या मार्गाने नेली, डेकच्या खाली होडीच्या मधल्या रेषेवर, म्हणजे कुठल्याही बाजूला कलली तरी वळणाचं डोकं पाण्याच्या वर राहील. जागा इतकी अडचणीची की हे पाठीवर झोपून, पाय चार्ट टेबलावर. नळीचं टोक झडपेवर चढेना. चहाचं उकळतं पाणी थर्मासात घेऊन टोक त्यात मिनिटभर धरलं, मऊ झालं, मग चढलं. प्रत्येक जोडाला दोन क्लिपा. चार तास, एक बोट कापलं. उपास असल्याने शिव्याही कमी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. टिरेल बे

(अक्षर ह्यांचं.) बिल्ज पंपाच्या नळीचं वळण परत बसवलं. झडप जुनीच, साफ केलेली. सुरुवातीला बिल्जमध्ये बादलीभर पाणी ओतून पंप एकदा चालवला. नंतर डाव्या कलावर १ तास ४० मिनिटं, वारा २० नॉट. काउंटर २२९, परतल्यावर २२९. १८ नोव्हेंबरच्या नोंदीतला 'अनावश्यक' हा शब्द खोडला आहे.

तपासले. (सही माझी. झडप दर तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये, पुढची तारीख २७ मे. बनियनचा डाग गेला नाही.)